मॉक्युमेंटरीचं तंत्र शोधायचं कुठे? वॉटकिन्सचे दोन चित्रपट आणि न्यूझीलंडचा एक न झालेला दिग्दर्शक

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाची मुलं फिल्म प्रोजेक्टसाठी मॉक्युमेंटरी करायचं ठरवतात, आणि ‘तंत्राचा अभ्यास’ म्हणून एक यादी घेऊन येतात. हँडहेल्ड कॅमेरा, मध्येच झूम, कॅमेऱ्याकडे बघून बोलणारी पात्रं, खाली नावाची पट्टी. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ताई, कॅमेरा किती हलवायचा?

माझा उलट प्रश्न असतो: कुठल्या सालचा कॅमेरा?

हे मी उगाच आडवं लावत नाही. मॉक्युमेंटरीला स्वतःचं असं तंत्र फारसं नसतंच. तिचं जवळजवळ सगळं सामान उसनं असतं. एखाद्या काळातला प्रेक्षक ज्याला पुरावा मानतो, ते ती उचलते आणि न घडलेल्या गोष्टीला चिकटवते. म्हणून तंत्राचा अभ्यास करायचा तर आधी हे सामान कोणाच्या घरून आणलंय ते शोधावं लागतं. आज मी तीन चित्रपट घेणार आहे. त्यातला एक घडून गेलेल्या भूतकाळाचा आहे, एक न आलेल्या भविष्याचा, आणि एक कधीच न घडलेल्या भूतकाळाचा. तिघांनीही डॉक्युमेंटरीचीच भाषा वापरली. पण प्रेक्षकांनी तिघांना दिलेली वागणूक इतकी वेगळी आहे की नुसत्या ‘हँडहेल्ड’ या शब्दाने तिचा काही उलगडा होत नाही.

आधी थोडं त्या हलत्या कॅमेऱ्याबद्दल. हलणारं चित्र म्हणजे खरं चित्र, हे समीकरण काही सिनेमाच्या जन्मापासून नव्हतं. आवाजासकट चित्रण करायचं तर बराच काळ जड कॅमेरा, जड रेकॉर्डर आणि तिवई यांना पर्याय नव्हता. त्यामुळे तेव्हाच्या माहितीपटात चित्र स्थिर असायचं आणि विश्वास ठेवायचा तो निवेदकाच्या भारदस्त आवाजावर. १९६० च्या आसपास खांद्यावर घेता येणारे १६ मिमीचे कॅमेरे आणि त्यांच्याबरोबर चालवता येणारे सुटसुटीत टेप रेकॉर्डर आले. अमेरिकेत रॉबर्ट ड्रू आणि त्याच्या सहकाऱ्यांचा ‘प्रायमरी’ १९६० चा, फ्रान्समध्ये जाँ रूश आणि एडगर मोरँ यांचा ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ १९६१ चा. कॅमेरा माणसांच्या मागे जिन्यावरून, गर्दीतून चालायला लागला. चित्र हललं, फोकस सुटला, कोणाचं तरी डोकं मध्ये आलं. या चुका प्रेक्षकाला सांगत होत्या की हे आधी ठरवलेलं नाही, कॅमेरा खरंच तिथे होता.

म्हणजे ही चूक हाच पुरावा झाला. आणि पुरावा म्हणून मान्य झालेली गोष्ट लगेच नकलेला उपलब्ध होते. फार वाट बघावी लागली नाही.

पीटर वॉटकिन्स हा इंग्रज तरुण हौशी चित्रपट करत करतच पुढे आला होता. १९६१ च्या ‘फरगॉटन फेसेस’मध्ये त्याने हंगेरीतला १९५६ चा उठाव उभा केला, आणि तोही बुडापेस्टला न जाता. चित्रीकरण झालं इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या रस्त्यांवर, हौशी कलाकारांना घेऊन. त्या उठावाची छायाचित्रं तोवर मासिकांतून जगभर पोहोचली होती, म्हणजे ‘बुडापेस्ट कसं दिसतं’ याची प्रेक्षकाच्या डोक्यातली प्रतिमा त्या छायाचित्रांनी घडवलेली होती. शहर हुबेहूब असायची गरज नव्हती, ती छायाचित्रं आठवली की पुरे होतं. आपल्या बजेटमध्ये अमुक होणार नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येक ग्रुपला मी या चित्रपटाबद्दल सांगते.

पुढे बीबीसीत गेल्यावर त्याने ‘कलोडन’ केला. तो १५ डिसेंबर १९६४ ला प्रसारित झाला. विषय आहे १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसजवळ झालेली लढाई. गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्टची फौज, तिच्यात मुख्यतः हायलँडमधल्या कुळांची माणसं, आणि समोर ड्यूक ऑफ कंबरलँडचं सरकारी सैन्य. तासाभरातच निकाल लागला. त्यानंतर हायलँडमध्ये जी कत्तल आणि दडपशाही झाली, तो चित्रपटाचा दुसरा भाग आहे. आधार जॉन प्रेबलच्या पुस्तकाचा.

वॉटकिन्सने केलं काय, तर १७४६ च्या रणांगणावर टीव्हीची टीम पाठवली. सैनिक कॅमेऱ्याकडे बघून बाईट देतात. निवेदक एकेका माणसाचं नाव, वय, कुळातलं स्थान सांगतो, तो जमीनदाराला काय देणं लागतो, आणि तो इथे स्वखुशीने आलाय की ओढून आणलाय, तेही सांगतो. मग तोफगोळ्यांचे प्रकार सांगतो, आणि लगेच तो गोळा माणसाच्या शरीराचं काय करतो ते दिसतं. आवाजात चढउतार नाही. एखादा वार्ताहर युद्धभूमीवरून शस्त्रांची माहिती देतो ना, तसाच.

इथे थांबून विचार करा. १७४६ मध्ये कॅमेरा नव्हता हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत आहे. फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. मग हे तंत्र काम काय करतं? माझ्या मते ते दोन कामं करतं. पहिलं अगदी व्यावहारिक आहे. वॉटकिन्सकडे माणसं थोडी होती, नट जवळजवळ सगळे हौशी. कॅमेरा चेहऱ्यांच्या जवळ ठेवला की मागे पाच हजार माणसं उभी करावी लागत नाहीत. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ऐतिहासिक चित्रपटाची तोवरची सवय होती सेनापती, झेंडे आणि टेकडीवरून दिसणारं सैन्य दाखवण्याची. बातमीचा कॅमेरा मात्र कोणाही शिपायासमोर जाऊन उभा राहतो. बातमीची भाषा उसनी घेतल्याबरोबर इतिहास कोणाच्या तोंडून सांगायचा हेच बदललं. कूळ म्हणून नांगरावरून उठवून आणलेला माणूस मुलाखतीला पात्र झाला. शिवाय त्याच वर्षांत व्हिएतनाममधल्या डोंगराळ भागाच्या ‘शांतीकरणा’च्या बातम्या टीव्हीवर येत होत्या, आणि ही तुलना आपल्याला करायची होती असं वॉटकिन्सने नंतर सांगितलंय. म्हणजे कॅमेरा १७४६ चा नाही, १९६४ चाच आहे, आणि तो तसा ओळखू यावा हीच इच्छा आहे. ‘कुठल्या सालचा कॅमेरा’ हा माझा प्रश्न इथून आला.

पुढच्याच वर्षी त्याने ‘द वॉर गेम’ केला. जेमतेम पाऊण तासाचा, ब्रिटनवर अणुहल्ला झाला तर काय होईल याचा. शहरांतल्या बायका-मुलांना हलवून केंट परगण्यातल्या घरांमध्ये सक्तीने ठेवणं, मग स्फोट, आगीचं वादळ, वाचवता येणार नाहीत अशा जखमींना पोलिसांनी गोळ्या घालणं, अन्नासाठी दंगली, दंगलखोरांना देहदंड. नट पुन्हा हौशी, केंटमधलीच माणसं. तपशिलासाठी ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग, हिरोशिमा आणि नागासाकी इथे बॉम्बहल्ल्यांनंतर जे नोंदलं गेलं त्याचा आधार. निवेदनात ‘असं होऊ शकेल’ हे सतत येत राहतं. निवेदनाचा एक आवाज मायकेल अ‍ॅस्पेलचा, जो बीबीसीवर बातम्या वाचायचा. हा आवाज निवडणं हेसुद्धा तंत्रच, आणि यादीत ‘व्हॉइसओव्हर’ एवढंच लिहिलं की ते हातातून निसटतं.

पण मला या चित्रपटातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. रस्त्यावरचे सगळे प्रसंग, धावपळ, आग, आक्रोश, हे रचलेले आहेत आणि ते बातमीच्या फुटेजसारखे चित्रित केलेत, कॅमेरा स्फोटाच्या धक्क्याने स्वतः हलतो. त्यांच्या मधे मधे काही प्रतिष्ठित माणसं येतात, एक बिशप, एक अण्वस्त्र-व्यूहतज्ज्ञ. ती कृत्रिम प्रकाशात, नाटकी वाटावीत अशी बसवली आहेत, आणि अण्वस्त्रांच्या बाजूने काहीतरी भयंकर बोलतात. प्रेक्षकाला वाटतं, हे काहीतरीच बनवलंय. तर या माणसांची विधानं खऱ्या, जाहीर वक्तव्यांवर बेतलेली होती. म्हणजे जे खरं ते खोटं दिसेल असं, आणि जे रचलेलं ते खरं दिसेल असं, मुद्दाम केलेलं. वेडेपणा नेमका कशात आहे, हा प्रश्न दिग्दर्शकाला विचारायचा होता, आणि तो त्याने प्रकाशयोजनेतून विचारला. सिनॉप्सिसमध्ये ‘मॉक्युमेंटरी वास्तव आणि कल्पित यांतली सीमारेषा पुसते’ असं वाक्य प्रत्येकजण टाकतो. ते वाक्य खोडा आणि अशी एखादी जागा दाखवा.

चित्रपटाचं पुढे काय झालं? सप्टेंबर १९६५ मध्ये तो सरकारी अधिकाऱ्यांना दाखवला गेला. नोव्हेंबरमध्ये बीबीसीने जाहीर केलं की तो प्रसारित होणार नाही, प्रसारणासाठी तो फार भयानक आहे, आणि हा निर्णय आमचा स्वतःचा आहे. वॉटकिन्सने बीबीसी सोडली. १९६६ मध्ये तो मोजक्या चित्रपटगृहांमध्ये दाखवला गेला, आणि १९६७ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला पुरस्कार मिळाला तो सर्वोत्तम माहितीपटाचा! ज्यातली एकही घटना घडलेली नाही, त्याला. ब्रिटिश टीव्हीवर तो दिसायला ३१ जुलै १९८५ उजाडावं लागलं, मध्ये वीस वर्षं गेली.

बंदीचा हा इतिहास लिहिताना एक घसरण होते. ‘सरकारने बंदी घातली’ असं एका वाक्यात लिहून मोकळं होणं. बीबीसीचं म्हणणं, अधिकाऱ्यांना दाखवल्याची नोंद आणि दिग्दर्शकाचं म्हणणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्याच मांडा. निष्कर्ष तुमचा असू दे, पण वाचणाऱ्याला तुमच्या निष्कर्षाशी भांडता आलं पाहिजे.

यानंतर विनोदी मॉक्युमेंटरीची मोठी परंपरा येते, तिच्यावर मी इथे रेंगाळणार नाही, कारण बहुतेकांनी तीच पाहिलेली असते. दोन नोंदी मात्र करून ठेवा. वुडी अ‍ॅलनचा ‘झेलिग’ १९८३ चा. त्यात १९२० च्या दशकातल्या वृत्तपटांचा भास आणण्यासाठी छायालेखक गॉर्डन विलिसने जुन्या भिंगांचा वापर केला आणि फिल्मवर मुद्दाम ओरखडे पाडले गेले. शिवाय सुझन सोंटॅगसारखी खरी विचारवंत मंडळी न झालेल्या माणसाबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलतात. रॉब रायनरचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ १९८४ चा. त्यात संवाद बव्हंशी उत्स्फूर्त आहेत, आणि सामान उसनं घेतलंय ते रॉक बँडच्या दौऱ्यांवरच्या माहितीपटांकडून. आज ‘ऑफिस’ छापाच्या मालिका बघून आलेल्या मुलांना कॅमेऱ्याकडे टाकलेला चोरटा कटाक्ष हेच मॉक्युमेंटरीचं लक्षण वाटतं. ते एका टप्प्यावरचं एक लक्षण आहे, एवढंच.

आता न्यूझीलंड.

२९ ऑक्टोबर १९९५, रविवार. न्यूझीलंडच्या सरकारी टीव्हीवर पीटर जॅक्सन आणि कोस्टा बोट्स यांचा ‘फरगॉटन सिल्व्हर’ दाखवला गेला. (हाच जॅक्सन, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला, पण ते पुढे.) जॅक्सन स्वतः कॅमेऱ्यासमोर येतो आणि आपल्याला शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या बागेतल्या शेडकडे नेतो. तिथे एका पेटीत जुनी रिळं सापडली आहेत. ती कॉलिन मॅकेंझी नावाच्या विस्मृतीत गेलेल्या दिग्दर्शकाची. मग कळतं की या माणसाने ट्रॅकिंग शॉट, बोलपट, रंगीत फिल्म, सगळं जगाच्या आधी करून ठेवलं होतं. फिल्म परवडत नाही म्हणून त्याने ती अंड्यांपासून बनवली. जंगलात ‘सलोमी’ या बायबलमधल्या कथेसाठी भव्य नगर उभारलं. शेवटी स्पेनच्या यादवी युद्धात, स्वतःचाच कॅमेरा चालू असताना तो मेला.

यातलं एक अक्षरही खरं नाही. मॅकेंझी कधी झालाच नाही. तरीही अनेक प्रेक्षकांनी विश्वास ठेवला, आणि खरं कळल्यावर वृत्तपत्रांकडे संतापलेली पत्रं गेली.

का विश्वास बसला? इथे कॅमेऱ्याच्या हलण्याचा काही संबंध नाही. प्रत्येक थापेखाली खऱ्याचा एक पाया घातलेला आहे, कारण तो तिथे आहे. अंड्याचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांसाठी अंड्याच्या बलकाचा नव्हे, पांढऱ्याचा लेप दिलेला कागद सर्रास वापरला जायचा. ‘अल्ब्युमेन प्रिंट’ म्हणतात ते हेच. म्हणजे छायाचित्रणाचा इतिहास थोडासा माहीत असणारा माणूस उलट जास्त सहज फसणार. दुसरं, रिचर्ड पिअर्स. हा खरा माणूस. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा शेतकरी, ज्याने राइट बंधूंच्या आधी, मार्च १९०३ मध्ये उड्डाण केलं अशी तिथे जुनी श्रद्धा आहे. चित्रपटात मॅकेंझीने ते उड्डाण चित्रित केलेलं ‘सापडतं’. तारीख कशी ठरवायची? फ्रेममधल्या एका माणसाच्या खिशातलं वर्तमानपत्र संगणकावर मोठं मोठं करत नेतात, आणि तारीख वाचता येते. १९९५ च्या प्रेक्षकाला संगणकाने मोठं केलेलं चित्र हा नवाकोरा पुरावा होता. आज हा प्रसंग वर्गात दाखवला की पोरं हसतात. तीस वर्षांत पुराव्याचं वय झालं, दुसरं काय!

तिसरं, साक्षीदार. सॅम नील हा अभिनेता, लिओनार्ड मॉल्टिन हा सिनेमाचा इतिहासकार, हे स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अधिकाराने बोलतात. आणि चौथं म्हणजे साल. १९९५ हे सिनेमाच्या शताब्दीचं वर्ष. जुनी नाशवंत रिळं लोकांच्या घरांतून, गोठ्यांतून शोधून काढण्याची मोहीम न्यूझीलंडच्या फिल्म अर्काइव्हने खरोखरच चालवली होती. म्हणजे शेडमध्ये पेटी सापडणं ही बातमी तिथे अगदी अपेक्षित होती. एका छोट्या देशाला आपला एक विसरलेला प्रतिभावंत हवाच होता, आणि टीव्हीने तो आणून दिला. संताप फसवणुकीचा होता हे खरं, पण मला वाटतं त्यात हातचं काहीतरी काढून घेतल्याचं दुःखही होतं.

गंमत म्हणजे तो कार्यक्रम दाखवला गेला ती रविवारची वेळ नाटकं आणि कथापटांसाठी राखलेली होती. खूण समोरच होती. पण एका नावाजलेल्या साप्ताहिकाने आधी या ‘शोधा’वर गंभीर लेख छापला होता. प्रेक्षकाने विश्वास चित्रपटावर ठेवला की त्या लेखावर? तंत्राचा अभ्यास फक्त पडद्यावर संपत नाही तो यासाठी.

आणि आता संशोधनाच्या विद्यार्थ्यासाठी खरा खड्डा. ‘अनेक प्रेक्षक फसले’ असं मी वर लिहिलं. किती म्हणजे अनेक? आपल्याकडे पुरावा आहे तो पत्रांचा, आणि पत्र लिहितो तो चिडलेला किंवा खूश झालेला माणूस. ज्याने चहा पीत पीत कार्यक्रम पाहिला, पंधराव्या मिनिटाला थाप ओळखली आणि टीव्ही बंद करून झोपला, त्याची नोंद कुठेच नाही. याचं मोठं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे: ३० ऑक्टोबर १९३८, ऑर्सन वेल्सचं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, मंगळावरून हल्ला झाल्याची रेडिओवरची खोटी बातमी आणि अमेरिकाभर माजलेली घबराट. तंत्राच्या दृष्टीने ते नभोनाट्य अभ्यासण्यासारखंच आहे. त्यातला वार्ताहर साकारणाऱ्या नटाने हिंडेनबर्ग हे हवाईजहाज १९३७ मध्ये पेटलं तेव्हाचं हर्बर्ट मॉरिसनचं ध्वनिमुद्रित वर्णन पुन्हा पुन्हा ऐकून आपला आवाज तयार केला होता. उसनं सामान म्हणजे काय, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. पण घबराटीचं काय? त्या रात्रीच्या श्रोतृ-पाहणीत विचारलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत होते. काही लोक खरंच घाबरले. मात्र देशभरच्या घबराटीचं चित्र मुख्यतः दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी रंगवलं, आणि वृत्तपत्रांची तेव्हा रेडिओशी स्पर्धा होती. हॅडली कँट्रिलचा १९४० चा प्रसिद्ध अभ्यास वाचतानाही त्याने कोणाच्या मुलाखती घेतल्या हे आधी बघा. मुख्यतः घाबरलेल्यांच्याच.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘प्रेक्षक फसले’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे कोणी मोजलं, आणि ज्याने सांगितलं त्याला ते सांगण्यात काही फायदा होता का?

सिद्धांतासाठी सगळेजण जेन रॉस्को आणि क्रेग हाइट यांचं ‘फेकिंग इट’ हे २००१ चं पुस्तक उचलतात, आणि ते उचलावंच. दोघेही न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले, तेव्हा ‘फरगॉटन सिल्व्हर’चं वादळ त्यांच्या अंगणातलं. डॉक्युमेंटरीशी मॉक्युमेंटरीचं नातं कसं आहे यावरून ते तीन पायऱ्या करतात: नुसतं विडंबन, टीका, आणि डॉक्युमेंटरीच्या सत्याच्या दाव्यालाच सुरुंग लावणं. पायऱ्या उपयोगी आहेत, पण विद्यार्थी त्यांचे डबे करतात आणि प्रत्येक चित्रपट एकेका डब्यात बसवून मोकळे होतात. ‘कलोडन’ बसवून बघा. तो डॉक्युमेंटरीची चेष्टा करत नाही, तिच्यावर अविश्वासही दाखवत नाही. उलट तिच्यावर इतका विश्वास ठेवतो की तिला दोनशे वर्षं मागे पाठवतो. जिथे चौकट अडते तिथेच तुमचा प्रबंध सुरू होतो, गाईड काहीही म्हणोत.

हे सगळं परदेशातलं झालं. मराठीत ‘फरगॉटन सिल्व्हर’सारखं काही करायचं, ही कल्पना माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी घेऊन येतं. विसरलेला मराठी मूकपटकार, कोल्हापूरच्या वाड्यात सापडलेली पेटी. कल्पना आकर्षक आहे, पण आधी खरा इतिहास बघा. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी स्वतः कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये त्यावर ‘सैरंध्री’ आला. हे एखाद्या अनोळखी माणसाला सांगितलं तर त्याला मॅकेंझीचीच गोष्ट वाटेल. आणि पडद्यावर दाखवायला काय उरलंय? बाबूरावांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावरही अभ्यासकांचा वाद आहे. ते संग्रहालयच १९६४ मध्ये स्थापन झालं, तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

जिथे खरा पुरावा इतका विरळ, तिथे रचलेला पुरावा पटकन मूळ धरतो. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी थाप उघड केली आणि सगळा देश त्यावर बोलला. तुमच्या चित्रपटातली दोन मिनिटांची ‘जुनी रिळं’ कोणी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तर तिच्याबरोबर श्रेयनामावली जाणार नाही. आणखी पाच वर्षांनी ती क्लिप एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात संदर्भ म्हणून येऊ शकते. यावर ‘असं काही करूच नका’ हे माझं उत्तर नाही. वॉटकिन्सचा रस्ता आहेच. कॅमेरा अशा ठिकाणी ठेवा की तो तिथे असणं अशक्यच आहे हे एकट्या फ्रेममध्येही कळेल, म्हणजे कापलेली क्लिपही स्वतःच स्वतःची चुगली करेल. १९१८ च्या कोल्हापुरातल्या त्या कारागिरांना आजच्या न्यूज चॅनेलचा बूम घेऊन कोणीतरी बाईट विचारतंय, हे दृश्य कितीही वेळा फॉरवर्ड झालं तरी कोणी त्याला पुरावा म्हणणार नाही. आणि त्यातून खऱ्या बाबूरावांबद्दल बरंच काही सांगता येईल.

कामाला लागताना मात्र यादीपासून सुरुवात करू नका. एक पाच मिनिटांचा तुकडा निवडा. वही घ्या, शॉटमागून शॉट लिहा, आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: इथे पुरावा म्हणून काय पुढे केलंय, हा पुरावा खऱ्या डॉक्युमेंटरीत किंवा बातमीत कुठे असा वापरला जायचा, आणि त्याच्या खाली खरं असं काय आहे. मग त्याच वर्षांतली एखादी खरी डॉक्युमेंटरी घेऊन तिचेही पाच मिनिटांचे शॉट तसेच लिहा. आपल्याकडच्या कामासाठी फिल्म्स डिव्हिजनचे जुने लघुपट घ्या. १९४८ पासून आपल्या थिएटरांत मुख्य चित्रपटाआधी ते सक्तीने दाखवले जात, आणि ‘सरकारी माहितीपटाचा आवाज’ आपल्या आजी-आजोबांच्या कानात बसला तो तिथूनच. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ चा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ नक्की बघा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींच्या मुलाखती आहेत. त्याच साच्यातून बाहेर पडून तो साच्याबद्दल शंका कशी निर्माण करतो, ते शॉटच्या नोंदीतच दिसेल.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की कॅमेरा किती हलवायचा ते कळतं. बहुतेक वेळा अजिबात हलवायचा नसतो.